बडोद्यात पक्की नोकरी सोडून स्वतंत्र कॉन्ट्रॅक्टवर यायचंय? आधी पैशाच्या तारखा लावा

डिझाइन, ड्राफ्टिंग, प्लॅनिंग, क्यूए (क्वालिटी तपासणी), आयटी असल्या कामात आठ-दहा वर्षं पक्क्या नोकरीत काढली आणि आता स्वतःच्या नावावर काम घ्यावं असं डोक्यात चाललंय, अशा बडोद्यातल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. मी पाइपिंग डिझाइनमधला आहे त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, हिशोब मात्र सगळ्यांना तोच. काम आपल्याकडे आहे, कोयलीची रिफायनरी, जीएसएफसी, नंदेसरी, पुढे दहेज-हजिरा, आणि या सगळ्यांसाठी ड्रॉइंगं काढणारी छोटी-मोठी ऑफिसं शहरभर पसरलेली आहेत. काम मिळेल का ही भीती सगळ्यांना असते पण खरी अडचण तिथे येत नाही. पगार सोडला की पैसा कमी होतोच असं नाही, बरेचदा वाढतो, फक्त तो एक तारखेला यायचा बंद होतो. ईएमआय, शाळेची फी, आईबाबांची औषधं हे सगळं मात्र तारखेलाच येतं. म्हणून जे काही ठरवायचं ते तारखांच्या बाजूने ठरवा.

सगळ्यात आधी समोरचा नक्की काय देतोय ते बघा. कोणी म्हटलं की कॉन्ट्रॅक्टवर ये, तर तीन प्रश्न विचारा: पैसे कुठल्या कंपनीच्या खात्यातून येणार, पीएफ कापणार का, आणि टीडीएस पगाराचा कापणार की प्रोफेशनल फीचा. एजन्सीची सॅलरी स्लिप येत असेल आणि पीएफ कापत असतील तर ती नोकरीच आहे, फक्त कच्ची. साइटवरची आपली कितीतरी मुलं अशीच लागलेली आहेत, त्यात वाईट काही नाही, पण त्याला स्वतंत्र काम समजून रेट लावू नका. तुम्ही स्वतःच्या नावाने बिल देणार आणि काम कसं, कुठे बसून, किती जणांसाठी करायचं हे तुम्ही ठरवणार, तर ते स्वतंत्र. एक तिसरा प्रकारही फार चालतो, बिल तुमच्या नावाचं पण नऊ ते सहा त्यांच्याच टेबलावर, सुट्टीला परवानगी, आणि दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही. यात पीएफ, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम सगळं जातं आणि मोकळीक काहीच मिळत नाही. पहिले सहा महिने पाय रोवायला असं काम घेतलं तर चालेल, पण रेट तसा घ्या आणि दुसऱ्याचं काम घ्यायचं नाही ही अट काढून टाका, निदान त्यांच्या प्रतिस्पर्ध्यापुरती तरी करून घ्या.

राजीनामा टाइप करण्याआधीची कामं

ही कामं सॅलरी स्लिप हातात आहे तोवरच सोपी असतात. घर घ्यायचं असेल, मांजलपूर-गोत्रीकडे फ्लॅट बघून ठेवला असेल तर होम लोन आधी करा, कारण स्वतःचा धंदा म्हटला की बँका साधारण दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागतात, म्हणजे आज नोकरी सोडली तर पुढची दोन वर्षं लोन विसरा. टर्म इन्शुरन्सचंही तसंच, उत्पन्नाचा पुरावा म्हणून पगाराच्या स्लिपा चालतात तोवर घेऊन टाका.

मेडिक्लेमवर जरा थांबून बोलतो कारण इथेच लोक सर्वात जास्त गाफील राहतात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईबाबा असतात, त्यांचा डायबेटिस-बीपी पहिल्या दिवसापासून कव्हर असतो, आणि हे सगळं साधारणपणे शेवटच्या वर्किंग डेला संपतं. नवीन पॉलिसी घेतली की आधीपासूनच्या आजारांना वेटिंग लागतं, ते ३६ महिन्यांपर्यंत असू शकतं. म्हणून नोटीस पिरियड सुरू होताच, किंवा त्याच्याही आधी, एचआरला विचारा की त्याच इन्शुरन्स कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का, आणि जितकी वर्षं ग्रुपमध्ये होतो ती वेटिंगमध्ये धरणार का. तसं होऊ शकतं, पण मागावं लागतं आणि कव्हर चालू असतानाच मागावं लागतं. एक बरं झालंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीच्या प्रीमियमवर जीएसटी नाही.

मग ग्रॅच्युइटी. पाच वर्षं पूर्ण झाली की हक्क लागतो, शेवटचं बेसिक-डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं. बेसिक ४०,००० असेल आणि नोकरी ८ वर्षं, तर जवळपास १ लाख ८४ हजार होतात. तुमची चार वर्षं दहा महिने झाली असतील तर दोन महिने दम धरा, कोणतंही कॉन्ट्रॅक्ट एवढं घाईचं नसतं. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं लागतात, ती भरली की वयाच्या ५८ पासून पेन्शनचा हक्क येतो, त्यामुळे जवळ पोचला असाल तर तेही मोजा. पीएफची रक्कम मात्र काढून धंद्यात घालू नका, खात्यातच राहू द्या, व्याज मिळत राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो एवढं लक्षात ठेवा. पुढे पीएफ कापणारं कोणी नसणार, तेव्हा पीपीएफ किंवा एनपीएसमध्ये तुम्हीच टाकायचं.

अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाचा. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच क्षेत्रात काम करायचं नाही असं बऱ्याच लेटरमध्ये असतं आणि लोक घाबरतात. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७, त्याप्रमाणे नोकरी सुटल्यानंतर पोट भरण्यावर घातलेली अशी बंदी सहसा टिकत नाही. गुप्ततेची अट मात्र पक्की टिकते. म्हणजे काम करा पण जुन्या कंपनीची ड्रॉइंगं, स्पेक, कॅल्क्युलेशन शीट, एक्सेलचे मॅक्रोसुद्धा पेनड्राइव्हवर घेऊन निघू नका. तुम्हाला वाटतं मीच तर बनवलेलं, पण ते त्यांचं आहे. आणि नोटीस पूर्ण करा, काम नीट हातात देऊन निघा, कारण पुष्कळ जणांचा पहिला क्लायंट जुनी कंपनीच असते. बडोद्यात हे वर्तुळ फार लहान आहे, कोण कसा निघाला हे आठवड्यात गावभर कळतं.

रेट काढताना

इथे बहुतेक जण एकच हिशोब करतात: १२ लाखाचं पॅकेज, महिन्याचे लाख, भागिले २६, म्हणजे दिवसाचे ३,८५० आणि वर थोडे घालून ४,५०० मागू. असं करू नका, हा रेट नोकरीपेक्षा खाली जातो. खरा हिशोब असा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ रविवार, दुसरे-चौथे शनिवार मिळून २४, सण-सुट्ट्या १५ (आपल्याकडे उत्तरायणाला दोन दिवस कोणी कॉम्प्युटरला हात लावत नाही, नवरात्रात लोक सकाळी उशिरा येतात, दिवाळीत तर साइटही थंड असते), आणि आजारपण, लग्नकार्य, देवदर्शन यांचे आणखी १५. उरले २५९. यातले साधारण एक चतुर्थांश दिवस काम शोधण्यात, कोटेशन बनवण्यात, बिलामागे फिरण्यात आणि दोन कामांच्या मधल्या रिकाम्या वेळात जातात, म्हणजे ज्याचे पैसे मिळतात असे दिवस १९० धरा. खर्चाच्या बाजूला तेच १२ लाख, अधिक जे आता कंपनी देणार नाही ते: घरच्यांचा मेडिक्लेम, लॅपटॉप, सॉफ्टवेअर, सीए, इंटरनेट, इन्व्हर्टर. याचे १ लाख ८० हजार धरू. १३ लाख ८० हजार भागिले १९० म्हणजे दिवसाचे सुमारे ७,२५०, तासाचे ९०० च्या वर. सहा महिने-वर्षभर सलग भरलेलं काम असेल तर मधला रिकामा वेळ नसतो, तेव्हा २५९ ने भागा, ५,३०० येतात. म्हणजे या माणसाने सलग कामाला ५,३०० च्या खाली उतरू नये आणि तुकड्या-तुकड्याच्या कामाला ७,००० च्या वरच बोलावं. तुमचे आकडे घालून हेच गणित घरी कागदावर करा, आणि बायकोला किंवा नवऱ्याला शेजारी बसवून करा, कारण या निर्णयाचा भार दोघांवर पडणार आहे.

समोरचा म्हणणार, अहो तुमचा पगार तर एवढाच होता. त्याला शांतपणे सांगायचं की साहेब, तुम्हाला माझा पीएफ, ग्रॅच्युइटी, सुट्ट्या, लायसन्स, बसायची जागा काहीच द्यायचं नाही, आणि काम संपलं की मीही जाणार. हे त्यालाही माहीत असतं, तरी विचारतो.

आता तारखांचं गणित. समजा ३१ मार्चला शेवटचा दिवस आणि १ एप्रिलपासून नवीन काम. एप्रिलचं काम ३० एप्रिलला संपलं, टाइमशीटवर लीडची सही व्हायला ५ मे, बिल त्यांच्या सिस्टीममध्ये चढायला १० मे, तिथून ४५ दिवस, म्हणजे एप्रिलचे पैसे २४ जूनच्या आसपास. तेही टीडीएस कापून. म्हणजे काम असूनसुद्धा जवळजवळ तीन महिने घरात एक रुपया येत नाही. त्यात फुल अँड फायनलचे, म्हणजे जुन्या कंपनीकडच्या शेवटच्या हिशोबाचे पैसे वेळेवर येतीलच असं धरू नका. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च अधिक ईएमआय एवढी रक्कम वेगळ्या खात्यात असल्याशिवाय राजीनामा देऊ नका, तीन महिने या गॅपचे आणि तीन महिने काम नसल्याचे. सोनं, एफडी मोडून उभे करता येतील असं म्हणू नका, सरळ खात्यात हवेत. आणि बिल आलं की सगळे पैसे घरात ओतू नका, धंद्याच्या खात्यातून घरच्या खात्यात दर एक तारखेला ठरलेली रक्कम टाका. स्वतःचा पगार स्वतः काढायचा. घरातल्यांची धाकधूक यानेच कमी होते, माझ्या घरी तरी बाबा त्यानंतरच निर्धास्त झाले. त्यांच्या पिढीला पगाराची तारीख म्हणजे अब्रू वाटायची आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

कागद

सुरुवातीला कंपनी काढायची, प्रायव्हेट लिमिटेड करायची काही गरज नाही. स्वतःच्या पॅनवर काम सुरू करता येतं. वेगळं बँक खातं उघडा. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी करा, आधार-पॅनवर सरकारी पोर्टलवर फुकट होतं, दोन-तीन हजार मागणाऱ्या एजंटकडे जाऊ नका. हे पहिलं बिल देण्याच्या आधी करा, कारण २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. खरं सांगायचं तर क्लायंटवर कोणी केस करत नाही, पण उद्यम नंबर बिलावर छापलेला असला की अकाउंट्सवाले मार्चमध्ये स्वतः फोन करतात. कारण मायक्रो-स्मॉलवाल्यांचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च टॅक्समध्ये प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत धरता येत नाही. व्यवसायवेरा (प्रोफेशनल टॅक्स) पगारातून कापायचे, आता महापालिकेत स्वतः भरायचा, वर्षाला जास्तीत जास्त २,५००.

जीएसटी सर्व्हिसला वर्षाच्या २० लाखांपर्यंत बंधनकारक नाही, राज्याबाहेर, मुंबई-पुण्याच्या क्लायंटला बिल दिलं तरी नाही. मोठ्या कंपन्या मात्र कधीकधी नंबर असल्याशिवाय व्हेंडर कोडच (त्यांच्या सिस्टीममधला आपला खाते नंबर) देत नाहीत. तेव्हा घ्या, पण मग १८ टक्के वर लावा आणि एक लक्षात ठेवा, क्लायंटने पैसे दिलेले नसले तरी तुम्हाला जीएसटी भरावा लागतो. दोन बिलं अडकली की हा पैसा खिशातून जातो.

इन्कम टॅक्समध्ये आपल्यासाठी चांगली सोय आहे. इंजिनिअरिंग, टेक्निकल कन्सल्टन्सी, आयटी अशा ठरलेल्या व्यवसायांना प्रिझम्प्टिव्ह पद्धत मिळते, सगळे ४४एडीए म्हणतात (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, कलमांचे नंबर बदलले, बोलण्यात जुनेच आहेत). वर्षाच्या ५० लाखांपर्यंत, आणि रोख ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत, बिलाच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या वह्या ठेवायच्या नाहीत. निम्मं हे कमीत कमी आहे, प्रत्यक्षात नफा जास्त असेल तर काय दाखवायचं ते सीएशी मोकळेपणाने बोला. १८ लाखांची बिलं झाली आणि निम्मे म्हणजे ९ लाख उत्पन्न दाखवलं, तर नव्या रेजीममध्ये १२ लाखांपर्यंत रिबेट असल्याने टॅक्स शून्य येतो. पण क्लायंटने १० टक्क्यांनी १ लाख ८० हजार टीडीएस कापलेला असतो, तो रिटर्न भरल्यावर परत येणार. म्हणजे इथेही परत तारीखच. तेवढे पैसे वर्षभर आपले नाहीत असं समजून चाला, आणि कापलेला टीडीएस आपल्या पॅनवर दिसतोय का ते दर तीन महिन्यांनी पोर्टलवर बघा. टॅक्स निघत असेल तर या पद्धतीत अॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकदाच भरायचा असतो. ज्या वर्षी नोकरी सोडली त्या वर्षीचा फॉर्म १६ सीएकडे जरूर द्या, दोन्ही उत्पन्नं एकत्र धरतात.

वर्क ऑर्डर

कामाआधी लेखी हवं, पीओ (परचेस ऑर्डर) नाहीतर निदान मेल. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या ओळखीतून काम येतं तेव्हा हमखास ऐकायला मिळतं, अहो आपल्यात कसला कागद, काकांनी सांगितलंय म्हणजे झालं. तेव्हा संकोच करू नका आणि भांडूही नका, म्हणा, कागद नको दादा, मी एक मेल टाकतो, तुम्ही फक्त ओके लिहा. त्या मेलमध्ये काय देणार, किती दिवसांत, किती पैसे आणि कधी, एवढं आलं की पुरतं. आपल्या माणसाशी संबंध टिकवायचे असतील तर हा मेल जास्तच हवा.

यात सगळ्यात महाग पडतं ते रिव्हिजन. आमच्याकडे आयसोमेट्रिकचा (एकेका पाइपलाइनच्या ड्रॉइंगचा) नगावर रेट ठरतो, सगळं सरळ दिसतं. मग व्हेंडरचं ड्रॉइंग उशिरा येतं, व्हेसलचा (टाकीचा) एक नोझल, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, फिरतो, आणि त्याला लागलेल्या सगळ्या लाइनी परत काढाव्या लागतात. काम दुप्पट आणि पैसे तेवढेच. म्हणून माझ्या प्रत्येक कोटेशनमध्ये हे असतं, हवं तर असंच उचला: “क्लायंटच्या कमेंटच्या दोन फेऱ्या रेटमध्ये धरलेल्या आहेत. त्यानंतरचे बदल, तसेच पीअँडआयडी (पाइपिंग व इन्स्ट्रुमेंटचा मूळ आराखडा), लेआउट किंवा नोझल ओरिएंटेशन बदलल्याने होणारे बदल मॅन-अवर दराने वेगळे आकारले जातील. इनपुट उशिरा मिळाल्यास डिलिव्हरीची तारीख तेवढी पुढे जाईल.” आयटीवाल्यांनी नोझलच्या जागी रिक्वायरमेंट लिहा. आणखी एक ओळ, माझी एकूण जबाबदारी या ऑर्डरच्या फीएवढीच राहील. प्लँटच्या कामात एका चुकीने होणारं नुकसान आपल्या फीच्या कितीतरी पट असू शकतं, ही ओळ काढायला सांगितली तर रेट वाढवा किंवा काम सोडा. सॉफ्टवेअरचं लायसन्स त्यांनी द्यावं, त्यांच्या लॉगिनवर काम करावं. क्रॅक व्हर्जन वापरू नका, तुमच्या फाइली क्लायंटच्या सिस्टीममध्ये जातात आणि त्यांचंही नाव खराब होतं.

वसुली

बिल पाठवलं म्हणजे बिल लागलं असं नसतं. एसएपी हे हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांत इंजिनिअरने सर्व्हिस एंट्री (काम झाल्याची नोंद) केल्याशिवाय अकाउंट्सला बिल दिसतच नाही, आणि तुम्ही अकाउंट्सला फोन करत बसता. म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या: व्हेंडर कोड झाला का, एंट्री कोण करणार, पेमेंट रन, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकदम सोडणं, कुठल्या वारी होतो. व्हेंडर कोडलाच आठवडे जातात, तेव्हा पॅन, कॅन्सल चेक, उद्यम सर्टिफिकेट, जीएसटी नसल्याचं डिक्लरेशन हे एका फोल्डरमध्ये तयार ठेवा आणि नोटीस पिरियडमध्येच देऊन टाका. बिलावर पीओ नंबर, काळ, पॅन, खातं-आयएफएससी, आणि सोबत सही केलेली टाइमशीट. मुदतीच्या आठ दिवस आधी एक नम्र मेल, मुदतीच्या दिवशी फोन, नंतर दर आठवड्याला. लाजायचं नाही. एका क्लायंटने माझं बिल पाच महिने लोंबकळत ठेवलं होतं, रोज गोड बोलायचे. शेवटी मी लिहून कळवलं की पुढचा लॉट थकबाकी आल्यावरच जाईल, आणि पैसे आले. ही अट आता मी आधीच ऑर्डरमध्ये घालतो. नवीन पार्टी असेल तर २०-३० टक्के अॅडव्हान्स मागा, जो चांगला आहे तो सहसा देतो.

एकाच क्लायंटवर वर्षभर राहिलात तर दुसरा शोधायला सुरुवात नवव्या महिन्यात करा, शेवटच्या महिन्यात नाही. त्यासाठी वेबसाइट वगैरे नंतर, आधी जुन्या सहकाऱ्यांना फोन करा, जे आता दुसऱ्या ऑफिसात लीड झालेत, आणि साइटवरच्या लोकांनाही, कारण माणूस कमी पडतोय हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. मोकळा होण्याच्या महिनाभर आधी सांगायचं की अमुक तारखेपासून मी रिकामा आहे, अमुक प्रकारचं काम करतो, रेट एवढा.